दादाच्या पेशीतला चिटबॉय

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "ह्याला बोलू द्या." मग मी बोलतो. आजोबांनी उसाच्या फडात लांडगा गाठला ही गोष्ट मी सांगायला लागल्यापासून तो लांडगा दर लग्नसराईत वीतभर वाढत गेलाय. बायको म्हणते, तुमच्या गोष्टीतलं निम्मं खरं असतं, फक्त कुठलं निम्मं ते तुम्हालाही ठाऊक नसतं. ही गोष्ट मात्र मी कुठल्याही मांडवात सांगितलेली नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी नोकरीपायी साताऱ्यात आलो, साखर कारखान्याच्या शेती विभागात खुर्ची झिजवत बसलो. तो तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत राहिला. तरुणपणी दोघांनाही घरच्यांनी तालमीत घातलं होतं. दादा पैलवान झाला. माझी कुस्ती म्हणजे मातीला पाठ कशी लावावी याचं प्रात्यक्षिक होतं. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा होता, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्याचा उजवा दंड फुरफुरायला लागला. कातडीखाली उंदराचं पिल्लू पळावं तशी मांसाची लहर इकडून तिकडं जायची. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. आता आमच्याकडं पुरुषाचं उजवं अंग फुरफुरलं की शुभ. घरात आनंदीआनंद झाला. वहिनीनं मारुतीला नारळ फोडला. पुतणीचं लग्न जमवायचं चाललं होतं, तेव्हा सगळ्यांच्या मते हा तिच्याच स्थळाचा सांगावा होता. तालमीतले जुने वस्ताद मुद्दाम बघायला आले, दंडावर हात ठेवून म्हणाले, "ताकद उसळतीया गड्या, वाया घालवू नगंस." मी साताऱ्याहून गेलो तर दादा सदरा काढून सोप्यात बसलेला, आणि शेजारची चार माणसं त्याच्या दंडाकडं टीव्ही बघावा तशी बघत बसलेली. मीही बसलो. मीच सगळ्यांत जास्त बोललो.

नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते स्नायूंचं मरण होतं. स्नायूला हुकूम देणारी नस मरत असते, तेव्हा तो असा आपला आपणच फडफडतो. आम्ही त्याला नारळ फोडला होता.

छाटणी संपायच्या आत दादाच्या हातातनं कात्री गळून पडायला लागली. अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस बसलं, तिथं खळगा पडला. पैलवानाचं शरीर कमी होतंय म्हटल्यावर पैलवान दुसरं काय करणार, व्यायाम वाढवणार. पहाटे जोर, संध्याकाळी बैठका, वर बदाम, तूप, तेलाची मालीश. जेवढा जोर मारायचा तेवढा हात वाळत चालला. सांगलीत एकानं मणका म्हणून सांगितलं. आमच्या भागात कमरेच्या वरचं आणि कमरेच्या खालचं सगळं दुखणं मणक्याचंच असतं, त्यामुळं सगळ्यांना बरं वाटलं. मानेला पट्टा आला, वजनं लावून मान ओढून झाली. पट्टा लावलेला दादा मोटरसायकलवर बसला की सगळा गाव हसायचा, आणि तोही हसायचा. पण हसताना एक दिवस त्याच्या तोंडातनं लाळ गळली आणि ती त्याला कळली नाही.

मग मिरज. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी हातापायाला सुया टोचून, करंट देऊन तपासलं. जीभ बाहेर काढायला लावली. जीभसुद्धा फुरफुरत होती. मग त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का?

आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागलो. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, शेवटी अंगावरनं वारं गेलं होतं. निदान आम्ही तसं म्हणायचो. हात वाळला, मग बोलणं जड झालं, मग गिळेना. वारं गेलं म्हणून त्यांच्या अंगाला कबुतराचं रक्त चोळलं होतं, वाऱ्याचं म्हणून जे जे करतात ते सगळं केलं होतं. मी डॉक्टरांना ते सांगायला लागलो, सवयीनं जरा रंगवूनही सांगायला लागलो, आणि दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. उचलून ठेवायची ताकद नव्हती. सरकवत आणून ठेवला.

रक्त मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. एका प्रथिनाच्या मूळ आराखड्यात चूक आहे, आणि ती बापाकडनं आलेली आहे. प्रथिनाचं नाव टीडीपी त्रेचाळीस. मला पहिल्यांदा ते ट्रॅक्टरचं मॉडेल वाटलं.

हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं ते पुतणीनं. दादाची एकुलती एक पोर, एमएस्सी करून मिरजेच्याच एका दवाखान्यात लॅबमध्ये लागलेली. तिनं बापाच्या खाटेवर बसून, एकेक शब्द जपून सांगितलं. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, तिथं सगळे आराखडे ठेवलेले असतात. आराखडा बाहेर जात नाही, त्याची नक्कल जाते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. पण नक्कल कच्ची असते, तिच्यात नको तो मजकूर घुसलेला असतो. हे प्रथिन त्या नकलेला धरतं, नको ते वगळायला लावतं आणि तिला जिथं जायचं तिथं पोचायला मदत करतं. दादाच्या नसांच्या पेशींत मात्र ते केंद्रकातनं बाहेर पडून बाहेरच गठ्ठा करून बसलं होतं.

मी लगेच म्हणालो, "म्हंजे चिटबॉय." कारखान्यातर्फे ऊसतोडीची चिठ्ठी ज्या शेतकऱ्याची त्याला पोचवतो त्याला आम्ही चिटबॉय म्हणतो. त्याच्याशिवाय कारखान्याचं पान हलत नाही. मी माझं उदाहरण पुढं रेटलं. चिटबॉय ऑफिसातनं बाहेर पडला, पण गेला कुठं तर झाडाखाली, बाकीच्या चिटबॉयांबरोबर पत्ते खेळत. चिठ्ठ्या खिशात. इकडं ऊस उभ्या उभ्या वाळला.

दादा हसला. तेव्हा त्याला हसता यायचं. पुतणी म्हणाली, "अर्धं बरोबर हाय, काका. तो ऑफिसात न्हाई हे एक नुकसान. तिथं कच्च्या चिठ्ठ्या तशाच सुटत्यात, चुकीच्या मजकुराच्या. आणि बाहेर जो ढीग करून बसलाय, तो ढीगसुदिक पेशीला जड हुतो. दोनी बाजूनं मार." मग म्हणाली की हातापायाला हुकूम नेणाऱ्या नसेची पेशी फार लांब असते, पाठीच्या कण्यापासून थेट बोटापर्यंत, म्हणून निरोप चुकले की आधी तीच मरते. समज जात नाही. चव जात नाही. कुणी हात लावलेला कळतो. फक्त हलता येत नाही.

"आवशीद?" वहिनीनं विचारलं.

एक गोळी आहे, ती थोडी लांबण लावते, असं पुतणी म्हणाली. पुढचं तिनं खाली बघून सांगितलं. ही चूक ज्याच्यात असते त्याच्या प्रत्येक मुलात ती जायची शक्यता निम्मी. गेली तर आजार होईलच असं छातीठोक सांगता येत नाही, पण बहुतेक होतो. कवा, ते कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. खरं तर माझ्याही लक्षात आलं नाही. मी त्या वेळी चिटबॉयचं उदाहरण आणखी कसं सुधारता येईल याचा विचार करत होतो.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत दादाचे दोन्ही हात गेले आणि बोलणं जड झालं. त्याला मिरजेला नेणं-आणणं माझ्याकडं होतं. गाडीत तासन्‌तास शेजारी बसून मला त्याची ती बोली यायला लागली. बाकीच्यांना नुसता घरघराट ऐकू यायचा, मला शब्द ऐकू यायचे. तशी ती वहिनीला आणि पुतणीलाही कळायची, पण चारचौघांत दादा बोलला की माणसं माझ्याकडं वळायची. मी सांगायचो आणि अर्थातच भर घालायचो. दादा म्हणायचा "पाणी", आणि मी भेटायला आलेल्या माणसाला सांगायचो, "तुमी आल्यामुळं त्याला लय बरं वाटलं म्हणतोय." दादा डोळे फिरवायचा. पण चालवून घ्यायचा.

अशात उंब्रजचं स्थळ आलं. घर चांगलं, जमीन पाण्याखालची, मुलगा कऱ्हाडला नोकरीला. मुला-मुलीनं आधी फोनवर बोलून घेतलं होतं आणि दोघांचं जुळलं होतं, ते आम्हाला पुतणीच्या चालण्यावरनंच कळत होतं. पाहुणे रविवारी बघायला येणार असं ठरलं.

आमच्याकडं पाहुणे बसले, पाणी झालं, की मुलीचा बाप आधी बोलतो. कुळ कुठलं, देवक कोणतं, मुलीचं आजोळ कुठलं, सोयरीक कुणाकुणात, असं सगळं तोच सांगतो. बाप समोर बसलेला असताना दुसऱ्यानं बोलणं म्हणजे त्याला मेल्यात जमा केल्यासारखं. तेव्हा दादाच बोलणार आणि मी पाहुण्यांना कळेल असं सांगणार, हे न बोलता ठरलेलं होतं. आदल्या दिवशी दादानं मला जवळ बोलावलं आणि त्याला काय सांगायचंय ते सांगितलं. जीभ जाईल, त्याच्या आत मला हे माझ्या तोंडानं सांगायचंय, म्हणाला. त्याच्या आयुष्यात आता एवढंच त्याच्या हातात राहिलं होतं.

पाहुणे यायच्या आधी वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. पोह्यांसाठी कांदा चिरत होती, त्यामुळं डोळ्यांत पाणी कशाचं ते कळेना.

"भावजी, तेवढं मणक्याचं म्हणा."

मी म्हणालो, तो काय सांगणार ते तुम्हाला माहीत आहे.

"त्यास्नी काय सांगायचं ते सांगू द्या. पाव्हण्यास्नी कळतंय थोडंच? कळंल ते तुमचं." मग विळीवरनं हात उचलून म्हणाली, "जन्मभर थापा मारल्यासा. एक माज्यासाठी मारा."

मी नुसती मान हलवली. मान कशी हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते तिनं तिच्या मनानं ठरवलं.

पाहुणे आले. मुलाचा बाप, मुलाचा मामा, आणि मुलगा. दादाला खुर्चीत उशा लावून, नवा सदरा घालून, फेटा बांधून बसवलं होतं. पुतणी पोहे ठेवून आतल्या दाराशी उभी राहिली. तिच्या जागेवरनं तिला बापाचं सगळं बोलणं कळत होतं, पण तिच्या स्वतःच्या बैठकीत तिनं तोंड उघडायचं नव्हतं.

दादा बोलायला लागला. कुळ, देवक, आजोळ. मी पुढं पुढं सांगत गेलो, जरा सजवतही गेलो, पाहुणे माना डोलवत होते. मग दादा थांबला, दम घेतला आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. एकेक शब्दाला त्याला गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत होत्या.

तो गप्प झाला. पाहुणे माझ्याकडं वळले. वहिनी चहाचा ट्रे हातात धरून उभी होती.

मणका हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मला लपवायचं नाही. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण दादा माझ्याकडं बघत होता. ओठांकडं बघत होता, बहिरा माणूस बघतो तसा.

मी म्हणालो, "दादा म्हणतोय, माज्या बापाला हेच हुतं. मला तेच झालंय. हे रक्तातनं येतंय. पोरीत आसंल, नसंल. ते बघून मग पोरगी बघा."

त्याच्या बोलण्यात मी पहिल्यांदाच कशाचीही भर घातली नव्हती. मुलाच्या बापानं बशी खाली ठेवली आणि मला हळू आवाजात विचारलं, "म्हंजे आमी ऐकलं तसं मणक्याचं न्हवं?"

"न्हवं."

माणसं वाईट नव्हती. चहा पूर्ण घेतला. द्राक्षाला यंदा भाव काय राहील ते बोलली. उठताना मुलाच्या बापानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला, मग मंडळी "कळवतो" म्हणून गेली. कळवतोचा अर्थ तासगावातही तोच होतो आणि उंब्रजमध्येही तोच होतो. वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, पण भाकरी ताटात टाकायची, द्यायची नाही. दादा मात्र त्या संध्याकाळी बराच वेळ खिडकीतनं बाग बघत बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं असं काहीतरी होतं.

द्राक्षं काढणीला आली तोवर त्याचं बोलणं पूर्ण बंद पडलं. पोटाला नळी लावली. श्वासासाठी मास्क लागायला लागला. डोळे तेवढे चालायचे. होय असलं की मिटायचे, नाही असलं की उघडे ठेवायचे.

आणि तेव्हा उंब्रजचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. हीच मुलगी करायची म्हणून मुलगा अडून बसला होता. त्याचा बाप म्हणाला, पाव्हणं, रक्ताची तपासणी करून घ्या. पोरीत नाही निघालं तर पंधरवड्यात सुपारी फोडू. वावगं काहीच बोलला नाही. मी असतो तर हेच म्हणालो असतो.

घरात सणासारखं झालं. वहिनी माझ्याशी बोलली. पुतणीला सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की तपासणी करायची तर स्वतःला कळून घ्यायचं असेल तेव्हाच करायची, दुसऱ्या कुणासाठी नाही, कारण एकदा कळलं की न कळलेलं करता येत नाही. ते घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. निम्मी शक्यता म्हणजे निम्मी चांगलीच की, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो.

दुपारची वेळ होती. ती बापाच्या पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होती. आमचं सगळं सांगून झालं. ती म्हणाली, "न्हाई करायची."

वहिनी म्हणाली, कशापाई न्हाई? चांगलं निघालं तर?

"आणि वाईट निघालं तर? मग मी रोज सकाळी उठून हाताकडं बघत बसू?" ती चिडून बोलत नव्हती. "पप्पांनी खरं ते सांगितलं. त्यांचं त्यांनी सांगितलं. माझं काय ते मला अजून कळूनच घ्यायचं न्हाई. ज्याला चालंल त्यानं यावं."

मी मधे पडलो. मला मधे पडायची सवयच आहे. म्हणालो, अगं, नुसतं रक्त द्यायचंय, त्याला एवढं काय घाबरायचं?

तिनं माझ्याकडं बघितलं. "काका, तुमी केली?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"आबा तुमचेसुदिक वडीलच की. तुमचं पण निम्मंच हाय. आणि तुमच्या पोराला पुण्यात मुली बघायचं चाललंय. त्या मुलींच्या घरच्यांस्नी कुणी सांगितलं?"

मी, ज्याला मांडवभर माणसं बोलायला सांगतात, तो तोंड उघडं ठेवून बसलो. मला रक्तातली साखर तपासायची म्हटली तरी मी तारीख पुढं ढकलत असतो. एवढ्या महिन्यांत मी सगळ्यांना तो आजार समजावून सांगितला होता, कारखान्यात, एसटीत, सोयऱ्याधायऱ्यांत, आणि प्रत्येक वेळी तो माझ्या भावाचा होता.

वहिनी उठली आणि दादाच्या तोंडावर वाकली. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आवं, सांगा तिला. करू दे न्हवं?"

दादानं डोळे मिटायचे होते. त्यानं मिटले नाहीत. तो वहिनीकडं बघत राहिला, आणि पापणी हलू दिली नाही. डोळे लाल झाले, पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत गेलं, तरी उघडेच. वहिनी म्हणाली, पुरं, कळलं. तरी त्यानं ते मिटले नाहीत. शेवटी पोरीनं हात लावून मिटवले.

उंब्रजला फोन मी केला. म्हणालो, मुलगी तपासणी करणार नाही, आणि तिच्या बापाचंही तेच म्हणणं आहे. पलीकडनं आलं, "बरं पाव्हणं." मुलानं नंतर एक-दोनदा तिला फोन केला असं मला कळलं. मग तेही थांबलं.

बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घालायचं काम चाललं होतं तेव्हा दादा गेला. दुपारी, सगळे बागेत असताना. जवळ वहिनी होती. तिनं मला फोनवर सांगितलं ते असं, "झालं भावजी." त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच आहे. मी तिला दोष देत नाही. तिच्या पोरीचं लग्न माझ्या तोंडून मोडलं, आणि ते तोंड दादाचं होतं, हे तिलाही कळतं. कळून काय करायचं?

मी अजून रक्त दिलेलं नाही. पोराला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं, आबांपासनं. तो म्हणाला, मी बघतो. काय बघतो ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कामानिमित्त मिरजेला गेलो की पुतणीला भेटतो. तिच्या लॅबसमोर एक टपरी आहे, तिथं आम्ही उभ्यानं चहा घेतो. बाग, पाऊस, तिच्या आईचे गुडघे, असलं काहीबाही बोलतो. मी कप उचलला की ती माझ्या हाताकडं बघते. ती उचलते तेव्हा मी तिच्या. मग तिची ड्युटीची वेळ होते आणि ती रस्ता ओलांडून जाते.